आधी शेपूट, मग डोकं

आमच्या जागेला कारखाना म्हणणं म्हणजे जरा फुशारकीच आहे. टायरच्या दुकानामागची एक लांबट खोली, दोन मोठी टेबलं, एका भिंतीला ओळीने खिडक्या, कोपऱ्यात हवेचा पंप आणि सगळ्यावर दगडाची राखाडी धूळ. खाणीतून निघालेल्या शिळांमध्ये जुन्या प्राण्यांची हाडं अडकलेली असतात, ती आम्ही मोकळी करतो. पेन्सिलीएवढी छिन्नी, तिला रबरी नळी, आणि नळी जोडलेली पंपाच्या टाकीला. टाकीतल्या दाबाने छिन्नीचं टोक थरथरतं आणि हाडावरचा दगड कणाकणाने उडतो. आवाज दातांच्या डॉक्टरकडे येतो तसा. टायरवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, मागे दगडांचे दात काढतात. त्याला मी कधी समजावायला गेले नाही. मला तेवढा वेळ नाही आणि त्याला तेवढी हौस नाही.

हा धंदा ह्यांनी उभा केला, म्हणजे माझ्या नवऱ्याने. हे गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता कुलूप घालणार. मी घातलं नाही. माझे धाकटे दीर आधीपासून कामाला होतेच. ते उजव्या टेबलावर, मी डाव्या. भाऊजींचा हात माझ्याहून हलका, आणि जीभही तशीच. दिवसभर दगडाशी गप्पा मारतील, हाडाला 'या, बसा' म्हणतील. मला कामात बडबड खपत नाही, तरी आमचं जमत होतं. मला मूलबाळ नाही, त्यांनी लग्न केलं नाही. घरचं माणूस म्हणायला आम्हाला एकमेकांशिवाय कुणी उरलं नव्हतं.

माझा स्वभाव संशयी आहे हे मीच सांगून टाकते. नवी सून म्हणून आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, ही दुधाच्या पातेल्याकडेसुद्धा पोलिसासारखी बघते. पण ह्या धंद्यात तो स्वभाव उपयोगी पडतो. इथे लबाडी पोत्याने भरलेली आहे. एका प्राण्याची मुंडी, दुसऱ्याची शेपूट, मधली जागा राळ आणि दगडाच्या भुकटीने भरायची, वरून रंगाचा हात फिरवायचा, की झाला अखंड सांगाडा. आमच्या दारावरच्या पाटीवर अजून ह्यांचं नाव आहे आणि त्या नावाने बाहेर पडलेली शिळा संग्रहालयवाले दुसऱ्यांदा तपासत नाहीत. ते नाव मला जिवापाड जपायचं होतं. आणि भाऊजीही हवे होते. दोन्ही एकदम हवं असणं म्हणजे काय, ते मला त्या शिळेने दाखवलं.

शिळा काळ्या पाटीच्या दगडाची, दरवाजाएवढी. आत इक्थिओसॉर होता. लोक त्याला पाहून हा तर डॉल्फिन म्हणतात. अंग तसंच, लांब चोच तशीच, पण हा जात्याच सरपटणारा प्राणी, सरड्या-मगरींच्या दूरच्या नात्यातला. कधी काळी ह्याचे पूर्वज जमिनीवरून समुद्रात गेले आणि पुन्हा परतले नाहीत. पायांची वल्ही झाली, शेपटीला माशासारखा पंख फुटला. डोळे बशीएवढे, कारण खोल काळोखात शिकार करायची असायची. डोळ्याभोवती हाडाच्या चकत्यांचं कडं असतं, ते साफ करायला माझे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. पोटाच्या जागी गळासारख्या बारीक काळ्या आकड्यांचा थर सापडला. ते आकडे त्याने गिळलेल्या माकुळांच्या हातांवरचे. एवढं सगळं समुद्राचं झालं, पण श्वास मात्र जमिनीवरचाच राहिला. कल्ले नाहीत. कितीही खोल गेला तरी हवेसाठी वर यावंच लागायचं.

आम्ही अशा शिळा उलट्या बाजूने खोदतो. मेलेला प्राणी समुद्राच्या तळाच्या गाळात रुततो, वरची बाजू सडते, विस्कटते, खालची गाळात नीट राहते. म्हणून शिळा पालथी घालायची आणि पोटाकडून वर यायचं. शिवाय ह्यांनी घालून दिलेला एक नियम होता. कामाच्या प्रत्येक टप्प्यावर रबराचा ठसा घ्यायचा, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवलं तर कुठलं हाड कुठे होतं ते दाखवता येतं. आणि संध्याकाळी शिळेवर ओलं फडकं घालायचं, नाहीतर हा दगड वाळला की पापुद्रे धरतो.

बरगड्या मोकळ्या करताना भाऊजींना पिल्लू सापडलं.

"वहिनी! लवकर या. अहो, ही आई आहे!"

मी भिंगातून पाहिलं. बरगड्यांच्या आत, वितीहून थोडी मोठी, पाठीच्या मण्यांची एक ओळ होती. तिच्या टोकाला काडीएवढी चोच, आईच्या डोक्याकडे वळलेली.

"गिळलेलं असेल," मी म्हटलं.

"गिळलेलं असतं तर चावलं नसतं का? एक हाड हललेलं नाही. हे जन्माला यायचं राहिलंय. चोच पुढे, शेपूट मागे. ह्यांची पिल्लं आधी शेपटीकडून बाहेर येतात, वहिनी. डोकं सगळ्यात शेवटी. नाहीतर पाण्यातच श्वास घ्यायला जातील आणि बुडतील."

"मला शिकवताय?"

"नाही हो. आनंद झाला म्हणून बोललो."

मला आनंद झाला नाही. मनात पाल चुकचुकली. आई आणि पोटातलं पिल्लू अशा जोडीसाठी संग्रहालयं जीव टाकतात, हे ह्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संग्रहालयाच्या बाईंनी आमची शिळा बघायला येते म्हणून कळवलं होतं, आणि नेमकं तेव्हाच हे बाळंतपण निघालं. भाऊजी जेवायला गेल्यावर मी दार लावून जांभळा दिवा धरला. त्या दिव्याखाली राळ आणि डिंक चमकतात. काही चमकलं नाही. तापवलेली सुई लावून पाहिली, राळेसारखं काही वितळलं नाही, दगड दगडासारखाच वागला. तरी मी रबर ओतून ठसा घेतला आणि कपाटात ठेवला.

मग बारीकसारीक गोष्टी खटकायला लागल्या.

पहिली गोष्ट टाकीची. निघताना मी पंप चालवून टाकी भरून ठेवते, म्हणजे सकाळी लगेच कामाला बसता येतं. सकाळी येऊन बघते तर दाबाचा काटा तळाला. नळ्या तपासल्या, जोडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठून फुगा येत नव्हता. पंपवाला कारागीर येऊन पाहून गेला. "गळत नाहीये. तुमच्याकडे कुणीतरी वापरतंय," असं म्हणून त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच चोर आहे.

दुसरी फडक्याची. सकाळी ते वाळून कडक झालेलं असायचं आणि त्यावर पांढरी खर धरलेली. मी बोट लावून चाखलं. मीठ. दगड आम्लाने धुतला आणि ते नीट काढून टाकलं नाही तर क्षार वर येतात, आणि लबाड लोक दगड झटपट उतरवायला आम्लच वापरतात. फडक्याला वास मात्र आम्लाचा नव्हता. ओल्या, गार, मोठ्या पाण्याचा होता. तो वास मी नाकातून झटकून टाकला, कारण तो माझ्या हिशोबात बसत नव्हता.

हवा संपते, म्हणजे कुणीतरी आमच्यामागे छिन्नी चालवतं. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक भाऊजींकडे. ह्याला काय मोठी अक्कल लागते?

मी डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. भाऊजी नेहमीसारखे बडबडत होते, पण त्यातही मला काहीतरी लपवल्यासारखं वाटायला लागलं. एकदा ते गुणगुणायचे थांबले आणि कितीतरी वेळ पिल्लाकडे बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता छिन्नी उचलली.

तेव्हा मी उठले आणि स्वतः पाहिलं. पिल्लाची शेपूट आईच्या कमरेच्या हाडांपलीकडे गेलेली होती. बाहेर. मी कपाटातून ठसा काढला आणि शिळेवर धरला. आईचं हाड न् हाड जुळलं. पिल्लाचं एकही जुळलं नाही. ठशात ते पुरतं आत होतं.

मी ठसा टेबलावर आपटला. भीतीने नाही, रागाने. जन्म घेतानाचं पिल्लू हे पोटातल्या पिल्लापेक्षाही दुर्मीळ. भाऊजींची हाव वाढली, असंच मला वाटलं.

"भाऊजी, हे कधी केलंत?"

त्यांनी छिन्नी खाली ठेवली. तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला होता. "मी? वहिनी, मला वाटलं तुम्हीच."

"मी!"

"रोज सकाळी थोडं थोडं पुढे आलेलं दिसतं. मी म्हटलं, वहिनींना दुकान चालवायचंय, दादा गेल्यापासून एकट्या ओढतायत. घरातली गोष्ट आहे. म्हणून गप्प बसलो."

"दगड बघा," मी म्हटलं. "टाका नाही, सांधा नाही, दिव्याखाली काही चमकत नाही. असं काम करणारा हात ह्या खोलीत एकच आहे आणि तो माझा नाही."

"माझाही नाही." मग आवाज खाली करून म्हणाले, "मी एकदा हात ठेवून पाहिला. दगड गार असतो ना? तिथे नव्हता."

"उन्हात असेल."

"तिथे ऊन येत नाही, वहिनी."

मी त्यांची किल्ली मागितली. त्यांनी कडीतून काढून माझ्या हातावर ठेवली. तेवढ्याने मन स्वस्थ होईल असं वाटलं होतं. झालं नाही. दुसऱ्या सकाळी काटा पुन्हा तळाला आणि पिल्लू मानेपर्यंत बाहेर. आत फक्त डोकं. मी म्हटलं, किल्लीची नक्कल करून घेतली असणार. सरळ माणसाला लाज वाटेल अशा वेगाने माझं डोकं चालत होतं, आणि मला त्याचा अभिमानही वाटत होता.

संग्रहालयाच्या बाई दोन-तीन दिवसांवर आल्या होत्या. त्यांच्यासमोर दूध का दूध व्हायला हवं होतं. मी ठरवलं, पिल्लावर प्लास्टर ओतायचं. शेपटीकडच्या सगळ्या भागाभोवती लाकडी चौकट, हाडांवर साबणाचा पातळ हात, वर हाताची रुंदी भरेल इतका जाड थर. सुकलं की दगडासारखं. कुणी हात लावायचा म्हटलं तर फोडावंच लागेल. आणि उद्या उघडलं की आतली बाजू हाच ठसा. आज जे होतं ते तिथे उमटलेलं असेल, आणि तसूभरही फरक पडला तर भाऊजींना तोंड लपवायला जागा उरणार नाही.

भाऊजी दाराशी उभे राहून बघत होते. मी बादलीत प्लास्टर कालवत होते.

"वहिनी, एक ऐकाल? आज नको."

"का?"

"डोकं अजून आत आहे." बोलताना ते ओशाळल्यासारखे हसले. "वेड्यासारखं वाटतंय, मला कळतं. पण आजची रात्र तेवढी जाऊ द्या. एकदा सुटू दे. डोकं सुटलं की त्याला लगेच वर जायचं असतं."

"कुठे वर?"

त्यांनी माझ्या हातातल्या बादलीकडे पाहिलं.

"एवढा पुळका असेल," मी म्हटलं, "तर मग कुणी घडवलंय ते सांगून टाका. ह्यांचं नाव आहे पाटीवर. तुमच्या सख्ख्या भावाचं. त्याला काळं फासताना हात कापला नाही तुमचा?"

हे मी बोलले. शब्द न् शब्द असाच. भाऊजींनी अंगावरचा एप्रन काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला. "बाईंसमोर उघडाल तेव्हा बोलवा," एवढं म्हणाले आणि गेले.

मी प्लास्टर ओतलं. ते पिल्लाच्या मण्यांवरून, काडीएवढ्या बरगड्यांवरून हळूहळू पसरलं आणि सगळं पांढरं झालं. ओलं असतानाच चारी कोपऱ्यांवर माझा अंगठा दाबला. खोटं कुणी करायचं म्हटलं तरी माझा अंगठा कुठून आणेल?

पुढल्या सकाळी टाकीचा काटा जिथल्या तिथे होता. भरलेला. फडकं ओलंच होतं, खर नाही, वास नाही. त्याच्या पुढल्या सकाळीही तसंच. बघा, मी मनात म्हटलं, माणूस दूर गेला की चोरी थांबली. उजव्या टेबलावर कुणी गुणगुणत नव्हतं. खोली इतकी गप्प होती की टायरवाल्याकडची हातोडी माझ्या टेबलावर पडल्यासारखी वाटायची.

संग्रहालयाच्या बाई आल्या. उंच, हळू बोलणाऱ्या, येताच चष्मा पुसणाऱ्या. भाऊजीही आले. दाराशीच उभे राहिले. पाहुण्यासारखे.

मी बाईंना चारी कोपरे दाखवले. अंगठे शाबूत. कड कुठे उचकटलेली नाही. मी भाऊजींकडे पाहिलं नाही. चौकट सोडवली आणि पाचर घालून प्लास्टर उचलायला गेले. साबणाचा हात असला की ते झाकणासारखं सुटतं.

ते सुटलं नाही. एका जागी धरून राहिलं.

मी जोर लावला. प्लास्टर मधोमध तडकलं, दोन तुकडे झाले.

पिल्लू बाहेर आलेलं होतं. पुरतं.

आईच्या कमरेत काहीच उरलं नव्हतं. पिल्लाचं अंग शिळेत आडवं होतं, दगडात दगड. पण मान वर वळली होती. शिळेच्या सपाटीतून वर, आमच्याकडे. डोकं उभं प्लास्टरमध्ये घुसलेलं होतं. तिथेच ते धरून राहिलं होतं.

चोच उघडी होती.

"असं मी कधी पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला आणि न लावताच मागे घेतला. "ह्यात काही खोटं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "ह्यात कुणीही काही खोटं केलेलं नाही."

एवढं बोलून मी भाऊजींकडे पाहिलं. माफी मागायला तोंड उघडलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. पुढे आले, वाकले आणि पिल्लाच्या कपाळावर दोन बोटं ठेवली, ताप बघतात तशी.

"गार झालंय," ते म्हणाले.

"भाऊजी, मी—"

"आता काही हलणार नाही, वहिनी. बाईंना सांगा, खुशाल न्या."

ते गेले. मी हाक मारली. टायरच्या दुकानाशी पोचेपर्यंत त्यांची पाठ दिसत होती. ते वळले नाहीत, आणि पुन्हा त्या खोलीत आले नाहीत. बाईही थोड्या वेळाने निघाल्या. शिळेचं नंतर कळवते म्हणाल्या, आणि जाताना टेबलाला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेने गेल्या.

मी खाली बसून पसारा आवरायला लागले. मला भाऊजींसाठी रडू येत होतं आणि पिल्लासाठीही, आणि त्यातलं कुठलं कुणासाठी ते वेगळं करता येत नव्हतं.

प्लास्टरचा मोठा तुकडा उचलला तेव्हा तो का तडकला ते कळलं. फुटलेल्या कडेवर बुडबुड्यांची ओळ होती. घाईने कालवलं की बुडबुडे राहतात, पण ते विखुरलेले असतात. हे एकाखाली एक होते. चोचीच्या टोकापासून सुरू होऊन सरळ वर गेलेले. खालचा वाटाण्याएवढा. त्यावरचा जरा लहान. मग आणखी लहान. टाकीतली हवा रोज रात्री कुठे जात होती, ते मला तेव्हा कळलं.

सगळ्यात वरचा फुटला नव्हता. बाहेरच्या हवेच्या अगदी खाली, कागदाइतक्या पापुद्र्याआड तो अख्खा होता. उजेडात धरल्यावर फिकट ठिपक्यासारखा दिसला.

मी त्यावर नख टेकवलं.

पापुद्रा फुटला आणि माझ्या बोटाला ऊब लागली.